विकन फेन येथील तांबडा चतुर

विलायतेस जाऊन आलेल्या मनुष्याकडून वाचकांची कांहीं ठराविक अपेक्षा असते. त्यानें लंडनचा मनोरा, थेम्स नदीवरील पूल आणि राजवाड्यापुढील पहारेकऱ्यांची बदली यांचें वर्णन करावें, तेथील शिस्तीची तारीफ करावी, हवेची निंदा करावी, आणि अखेरीस घरच्या वरणभातासारखें सुख त्रिभुवनांत नाहीं असें म्हणून लेखणी खालीं ठेवावी, असा शिरस्ता आहे. आम्हींही हें सर्व पाहिलें, आणि वरणभाताविषयींचें आमचें मतही तेंच आहे. परंतु आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें लांबीनें दोन अंगुळांहून मोठ्या नसलेल्या एका प्राण्याविषयीं आहे. आणि त्याच्या निमित्तानें आमच्या हातून घडलेल्या एका अपराधाविषयीं आहे.

आमचे ज्येष्ठ चिरंजीव नोकरीनिमित्त केंब्रिज येथें सहकुटुंब राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां गेल्या सालीं जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने त्यांच्याकडे जाऊन राहिलों. घरीं धाकटे बंधु व त्यांचीं मुलेंमाणसें असल्यामुळें देवपूजेची व भाताच्या लावणीची चिंता नव्हती. आमची नात नऊ वर्षांची आहे. ती घरांत मराठी बोलते. रागावली म्हणजे मात्र इंग्रजी बोलते. पहिल्या आठवड्यांत ती आमच्याशीं बरेंच इंग्रजी बोलली, कारण आम्ही तिचे उच्चार उठतां-बसतां सुधारीत होतों. मॅट्रिक झाल्यावर मास्तरकीचा शिक्षणक्रम पुरा करून आम्हीं जन्मभर शाळेंत मुलें शिकविलीं. खुर्ची सुटली तरी हातांतली छडी मनांतून सुटत नाहीं, हें आमच्या सूनबाईंच्या ध्यानांत आमच्या आधीं आलें असावें. तिनेंच एके दिवशीं सुचविलें, "बाबा, हिला किड्यांचा फार नाद आहे. येत्या रविवारीं आपण सगळे विकन फेनला जाऊं. तिथें ती तुम्हांला शिकवील." ह्या शेवटच्या वाक्यांतली खोंच आम्हीं ऐकून न ऐकल्यासारखी केली.

केंब्रिजच्या ईशान्येस सुमारें नऊ-दहा मैलांवर विकन नांवाचें एक लहानसें गांव आहे, आणि त्याच्या शिवेला लागून ही फेन. 'फेन' म्हणजे दलदल, पाणथळ जमीन. हा शब्द आणि आपला 'पंक' हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले सख्खे भाऊ आहेत, असें भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे. एके काळीं पूर्व इंग्लंडांत शेंकडों चौरस मैल अशी पंकभूमि पसरलेली होती. माणसें होड्यांतून हिंडत, बाम मासे पकडून पोट भरीत, लवाळें कापून छपरें शाकारीत. जवळच ईली नांवाचें एक प्राचीन गांव आहे. त्याचें नांवही ह्या बाम माशांवरूनच पडलें, असें सांगतात. तेथील जुनें भव्य देवालय सपाट प्रदेशांत इतक्या दुरून दिसतें कीं, त्याला 'फेनचें जहाज' असें म्हणतात.

पुढें सतराव्या शतकांत बेडफर्डचा अर्ल व त्याच्या जोडीचे धनिक यांनीं व्हर्मायडन नांवाच्या डच स्थापत्यविशारदास बोलावून ह्या प्रदेशांत सरळ कालवे खणविले, आणि पाणी समुद्राकडे काढून दिलें. नंतर पवनचक्क्या आल्या, वाफेचे पंप आले, आणि दलदलीची उत्कृष्ट शेतजमीन झाली. लोकांचें पोट भरलें, ह्यांत शंका नाहीं. परंतु ही जमीन म्हणजे हजारों वर्षें पाण्याखालीं सांचत आलेला कुजका वनस्पतिभार. पाणी काढतांच तो वाळला, आकसला, हवेशीं संयोग पावून अक्षरशः उडून गेला. होम फेन ह्या ठिकाणीं १८५१ च्या सुमारास एक लोखंडी खांब त्याचें टोंक जमिनीशीं समतल राहील असा पुरून ठेवलेला आहे. आज तो जमिनीच्या वर सुमारें चार मीटर उघडा उभा आहे. खांब वर आला नाहीं. जमीन खालीं गेली. मूळच्या रानटी फेनपैकीं आज शंभरांत एक हिस्साही शिल्लक नाहीं.

जें शिल्लक आहे त्यांतला एक तुकडा म्हणजे विकन. १८९९ सालीं नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेनें येथील दोन एकरांची पट्टी दहा पौंडांस विकत घेतली, आणि त्या संस्थेच्या निसर्गरक्षणाच्या कार्यास येथूनच आरंभ झाला. आज ही राखीव भूमि कितीतरी पटींनीं वाढली आहे, आणि तींत नऊ हजारांहून अधिक जातींचे प्राणी व वनस्पति नोंदल्या गेल्या आहेत. तेथें एक लहानशी लांकडी पवनचक्की आहे. ती पूर्वीं शेजारच्या फेनमधलें पाणी बाहेर फेंकीत असे. १९५६ सालीं तिला येथें आणून उभी केल्यावर तिच्याकडून उलट काम घेण्यांत आलें, तें म्हणजे पाणी आंत आणण्याचें. मनुष्यजात आपली चूक सुधारते ती अशी, त्याच चक्कीनें, फक्त पंप उलटा लावून. त्या वेळीं आम्ही ह्या गोष्टीस नुसते हंसलों.

ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. आकाश निवळलेलें, ऊन आपल्याकडील मार्गशीर्षांतल्यासारखें सौम्य. दलदलींत पाय रुतूं नयेत म्हणून तेथें लांकडी फळ्यांची सुमारें पाऊण मैलाची पाऊलवाट केलेली आहे. दोहों अंगांस पुरुषभर उंचीचे बोरू, मधून मधून काळसर पाण्याचे पाट, आणि त्यावर पसरलेलीं कुमुदिनीचीं पानें. आमच्या कुटुंबास गुडघ्यांचा त्रास असल्यामुळें ती एका बांकावर बसली. सूनबाई तिच्यासोबत थांबली. आम्ही, चिरंजीव व नात असे तिघे पुढें निघालों.

शंभर पावलें गेलों नाहीं तोंच पुढच्या फळीवर एक तांबडा चतुर येऊन बसला. पंख पसरलेले, किंचित् पुढें झुकविलेले, डोकें जागच्या जागीं फिरत असलेलें. आम्ही जवळ जातांच तो भर्रकन उडाला, हवेंत कांहींतरी टिपलें, आणि पुनः नेमका त्याच फळीवर, त्याच गांठीवर येऊन बसला. वाटेच्या तोंडाशीं एक चित्रफलक होता. त्यावर रक्तासारखा लाल असा एक चतुर आम्हीं नुकताच पाहिला होता. तेव्हां आम्हीं शिरस्त्याप्रमाणें निकाल जाहीर केला, "हा रडी डार्टर."

नातीनें दुर्बीण डोळ्यांना लावली, थोडा वेळ पाहिलें, आणि ती आमच्या हातीं देत म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्याचे पाय बघितले का?"

आम्हीं पाय पाहिले नव्हते. चतुराला पाय असतात ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. परंतु ते पाहावे लागतात ही ठाऊक नव्हती. दुर्बिणींतून पाहिलें, तों प्रत्येक काळ्या पायावर लांबीच्या दिशेनें एक बारीक पिंवळी रेघ ओढलेली. "रडी डार्टरचे पाय काळे कुळकुळीत असतात," नात म्हणाली, "हा कॉमन डार्टर." चिरंजीव दुसरीकडे तोंड करून बोरू न्याहाळूं लागले.

ज्यांचीं लेंकरें त्या मुलखांत राहतात, आणि ज्यांच्यावर आमच्यासारखा प्रसंग येण्याचा संभव आहे, अशा वाचकांच्या उपयोगासाठीं ह्या चतुराच्या खुणा क्रमानें सांगतों. प्रथम चतुर आणि टांचणी यांतला भेद. टांचणी नाजुक, बसतांना बहुधा पंख पाठीवर मिटून घेणारी, आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोंकांना एकमेकांपासून दूर. चतुर धट्टाकट्टा, पंख पसरून बसणारा, आणि त्याचे डोळे बहुतेक जातींत माथ्यावर एकमेकांना भिडलेले. कॉमन डार्टर हा लहान चतुरांपैकीं आहे. अंगाची लांबी सुमारें चार सेंटिमीटर. पंख स्वच्छ कांचेसारखे, मुळाशीं काळा डाग नाहीं. फक्त प्रत्येक पंखाच्या टोंकाजवळ एक लहानशी तपकिरी-तांबूस टिकली. वयांत आलेल्या नराचें पोट नारिंगी झांक असलेलें तांबडें आणि बहुतांशीं सरळ. छाती तपकिरी, तिच्या बाजूंवर दोन पिंवळसर पट्टे. रडी डार्टरचें पोट गर्द रक्तवर्णी, मध्यें कमरेसारखें बारीक आणि शेवटाकडे फुगलेलें, म्हणजे साधारण गदेच्या घाटाचें.

रंगावर मात्र कोणीं विसंबूं नये. दोन्ही जातींच्या माद्या पिंवळसर असतात, आणि नुकते जन्मलेले नरही पिंवळसरच असतात. कॉमन डार्टरची मादी म्हातारपणीं तांबूस होते. रंग वयाप्रमाणें बदलतो. पायाची पिंवळी रेघ बदलत नाहीं. शिवाय ह्याची रीतही ओळखीची आहे. मोठे चतुर दिवसभर घिरट्या घालून शिकार करतात. हा बैठक मांडून वाट पाहतो, झडप घालतो, आणि परत बैठकीवर येतो. ऊन लागलेली फळी, कुंपणाचा खांब, पांढुरका दगड, क्वचित् मनुष्याची टोपीही त्याला चालते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तो सर्वत्र दिसतो, आणि हवा बरी असली तर नोव्हेंबरांतही, इतर चतुर संपल्यावर, हा एकटा उन्हाच्या कवडशांत बसलेला आढळतो. अंडीं घालतांना नर मादीची मान आपल्या शेंपटाच्या चिमट्यांत धरून ठेवतो, आणि तीं दोघें जोडीनें पाण्यावर खालीं-वर होत असतां मादी शेंपटाचें टोंक पाण्याला लावून एकेक वेळीं अंडीं सोडते. पाटावर आम्हीं अशीं तीन जोडपीं पाहिलीं. त्यांच्या त्या लयबद्ध हालचालीकडे पाहतांना संध्येच्या वेळीं पळींतलें पाणी ताम्हनांत सोडणाऱ्या हाताची आम्हांस आठवण झाली.

शास्त्रज्ञ ह्याला सिंपेट्रम स्ट्रायोलॅटम असें म्हणतात, आणि चतुर व टांचण्या यांच्या सबंध गणाला ओडोनाटा. हें नांव फाब्रिसियस नांवाच्या पंडितानें अठराव्या शतकांत दिलें. दात ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तें आलें आहे, आणि तो ग्रीक शब्द व आपला 'दन्त' हे एकाच मूळाचे. ह्या किड्यांचे जबडे दातेरी असतात म्हणून हें नांव. अमरकोशांत 'द्विज' शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत: दात, ब्राह्मण आणि अंडज. आम्ही नातीस म्हणालों, "हा चतुर दंतयुक्त म्हणून द्विज, आणि अंड्यांतून निघतो म्हणूनही द्विज." तिनें विचारलें, "मग ब्राह्मणासारखा कसा?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें थोड्याच वेळानें मिळालें.

फळ्यांवरून चालतां चालतां नात आम्हांस त्या देशांतील जुन्या समजुती सांगत होती. आपण ह्या किड्याला 'चतुर' म्हणून गौरवितों. इंग्रजांच्या खेड्यांत मात्र त्याला 'सैतानाची रफूची सुई' म्हणत, आणि खोटें बोलणाऱ्या मुलांचीं तोंडें तो झोंपेंत शिवून टाकतो अशी भीति घालीत. घोड्यांना नांगी मारणारा असेंही एक नांव होतें. वस्तुतः त्याला नांगी नाहीं, विष नाहीं. घोड्यांभोंवतीं तो येतो तो माश्या खाण्यासाठीं. ह्या गैरसमजांतून त्याला बाहेर काढणाऱ्यांत सिंथिया लाँगफील्ड ह्या विदुषीचें नांव आदरानें घेतात. तिचा काल १८९६ ते १९९१. ब्रिटिश बेटांतील चतुरांवरचें तिचें पुस्तक १९३७ सालीं निघालें, आणि १९४७ च्या सप्टेंबरांत आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रावरून आलेल्या ह्याच कॉमन डार्टरच्या प्रचंड थव्याचा वृत्तांतही तिनेंच पुढल्या वर्षीं प्रसिद्ध केला. आपल्या देशाकडेही ह्या शास्त्राचा मोठा वारसा आहे. लष्करी वैद्यक खात्यांतील कर्नल फ्रेझर यांनीं हिंदुस्थानांतील चतुरांवर तीन खंडांचा ग्रंथ १९३३ ते १९३६ च्या दरम्यान लिहिला, आणि त्यांचे अनेक निबंध मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत छापले गेले. हें सारें आम्हीं त्या रविवारानंतर चिरंजीवांच्या साह्यानें वाचलें. त्या दिवशीं आम्हांस ह्यांतलें अक्षरही ठाऊक नव्हतें.

परत फिरतांना एका पाटाच्या कडेला नात गुडघे टेंकून बसली आणि म्हणाली, "आजोबा, हें बघा." लवाळ्याच्या एका पातीवर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, मातकट रंगाची एक वस्तु सहा पायांनीं घट्ट धरून बसलेली होती. किडा म्हणावा तर हालचाल नाहीं. नातीनें ती अलगद सोडवून आमच्या तळहातावर ठेवली. वजन म्हणून नाहींच. डोळ्यांच्या जागीं डोळे, पायांच्या जागीं पाय, आणि पाठीवर एक उभी चीर, आंत पोकळ. ती कात होती. चतुराचें अर्भक पाण्यांत वाढतें, तळच्या चिखलांत दबा धरून बसतें, आणि खालच्या ओंठाचा घडीचा पंजा एकदम पुढें फेंकून भक्ष्य धरतें. कॉमन डार्टरच्या बाबतींत साधारणतः एका वर्षांत हें सर्व पुरें होतें. मग एके दिवशीं तें पात धरून पाण्याबाहेर चढतें, पाठ उकलते, आणि त्यांतून चतुर बाहेर निघतो. मऊ, फिकट, चुरगळलेल्या पंखांचा. तासा-दोन तासांत पंख ताठ होतात आणि तो उडून जातो. मागें ही कात राहते. अशा रीतीनें एकदां अंड्यांतून आणि एकदां पाण्यांतून असा ज्याचा दोनदां जन्म होतो, त्याला द्विज म्हणण्यास आतां हरकत नव्हती. आणि पंकांतून जन्मतो म्हणून पंकजही.

परंतु हा अर्थ आम्हांस त्या क्षणीं सुचला नाहीं. नात बोट दाखवून म्हणाली, "आणि आंत बघा, पांढरे दोरे." चिरेच्या कडांतून खरोखरच तीन-चार पांढरे तंतु लोंबत होते. "ह्या त्याच्या श्वासाच्या नळ्यांच्या आंतलीं अस्तरें. बाहेर येतांना तींसुद्धां तो सोडून देतो."

पांढरे दोरे हे शब्द ऐकतांच आमच्या हाताला कंप सुटला. नातीला वाटलें, आजोबांना किड्याची शिसारी आली. आम्हीं कात तिच्या हातीं परत दिली आणि वाटेच्या कांठावर बसलों.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. कोंकणांतील एका खेड्यांत आम्ही नुकते मास्तर होतों. शाळेमागें तळें होतें. पावसाळा सरत आला कीं मुलें चतुर धरीत, आणि त्यांच्या शेंपटांना दोरा बांधून पतंगासारखे उडवीत. हा क्रूर खेळ बंद करण्याचा आम्हीं पण केला होता, आणि दोरा बांधणाऱ्यास दोन छड्या असा नियम होता. चौथींतला दहा वर्षांचा एक मुलगा एके दिवशीं सकाळीं आगपेटी घेऊन टेबलापाशीं आला. आगपेटींत एक मातकट साल होती. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यांतून चतुर निघाला. मीं बघितला. हा पाण्यांत असतो, वर येतो आणि फुटतो. आंत पांढरे दोरेसुद्धां आहेत."

पाण्यांतला किडा फुटून त्यांतून आकाशांतला चतुर निघतो, हें आम्हीं तोंवर वाचलें नव्हतें. फुलपांखरूं सुरवंटापासून होतें, एवढें क्रमिक पुस्तकांत होतें, चतुर नव्हता. आणि दोरे म्हणतांच आम्हांस दोराच आठवला. आम्हीं निकाल दिला: एक तर हा चतुराला दोरा बांधून मारतो, आणि वर खोटें बोलतो. अपराध दोन, म्हणून छड्या चार. आगपेटी खिडकीबाहेर फेंकली. मुलगा रडला नाहीं. त्यानें एकदां खिडकीकडे पाहिलें आणि जागेवर जाऊन बसला. आम्ही तासाला लागलों, आणि ही गोष्ट विसरलों.

म्हणजे विसरलों असें आम्हांस वाटत होतें. बांकावर येऊन आम्हीं कुटुंबास ही हकीकत सांगितली. ती ऐकून थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अहो, तोच ना तो, तळ्याकाठच्या आळींतला? त्याआधीं तो रोज कांहीं ना कांहीं घेऊन आपल्या दारांत यायचा. कधीं पिसें, कधीं शंख, कधीं पक्ष्याचें रिकामें घरटें. पुढें यायचा बंद झाला. मीं एकदां तुम्हांला विचारलेंही होतें. तुम्ही म्हणालांत, मुलगा मंद आहे, कशांत लक्ष नाहीं."

तिच्या बोलण्यांत दोषारोप नव्हता. केवळ आठवण होती. त्यामुळेंच ती अधिक लागली. आम्हीं त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांत तेंच वाक्य लिहिलें होतें, हें आम्हांस आतां स्वच्छ आठवलें. खोटें बोलणाऱ्याचें तोंड शिवणारी ती सुई आमच्या शाळेंत आली असती, तर तिनें कोणाचें तोंड शिवलें असतें? खरें बोलणाऱ्याचें तोंड तर आम्हींच शिवलें होतें. संध्याकाळीं नातीनें विचारलें, "आजोबा, तुम्ही तिथें खालीं कां बसलां?" आम्हीं तिला सर्व सांगितलें. शाळामास्तरानें नऊ वर्षांच्या मुलीपुढें आपली चूक कबूल करणें ही गोष्ट आम्हांस आजवर अशक्य वाटत आली होती. ती दोन मिनिटांत झाली. ती एवढेंच म्हणाली, "मग त्याला सांगा ना." त्या रात्रीपासून आम्हीं तिचे उच्चार सुधारणें सोडून दिलें, आणि ती आमच्याशीं मराठी बोलूं लागली.

सप्टेंबरअखेर आम्ही स्वदेशीं परतलों. त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविण्यास फार प्रयास पडले नाहींत. आतां तो पन्नाशींत आहे; तालुक्याच्या गांवीं त्याची पिठाची गिरणी आहे. नवरात्रांत एके दिवशीं दुपारीं आम्ही एस. टी. नें त्याच्याकडे गेलों. त्यानें आम्हांस ओळखलें, अंगावरचें पीठ झटकून पायांवर डोकें ठेवलें, चहा मागविला. आम्हीं आगपेटीची गोष्ट काढली, आणि "तुझें खरें होतें, आमचें चुकलें" असें स्पष्ट शब्दांत म्हणालों. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, छड्या तर रोजच मिळायच्या. कोणती कशासाठीं, हें कोण लक्षांत ठेवतो? मला नाहीं आठवत." आम्हांस हायसें वाटलें, आणि थोडें वाईटही वाटलें.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "परसांत विहीर आहे, बघायला येतां?" विहिरीवर त्या वेळीं पिंवळसर चतुरांचा एक विरळ थवा तरंगत होता. पावसाळ्याअखेर आपल्याकडे दिसणारे हे चतुर. ईशान्येकडील वाऱ्यांबरोबर हे हिंदुस्थानांतून निघून मालदीव बेटांवरून हिंदी महासागर ओलांडीत पूर्व आफ्रिकेकडे जातात, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन ह्या प्राणिशास्त्रज्ञानें २००९ सालीं मांडला आहे. ही नवी विद्या आम्हीं त्याला मोठ्या उत्साहानें सांगितली. त्यानें ती शांतपणें ऐकून घेतली. मग तो विहिरीच्या दोन पायऱ्या उतरला, आंतल्या दगडाच्या फटींतून कांहींतरी अलगद सोडवून आणलें आणि आमच्या तळहातावर ठेवलें. तीच मातकट साल, तीच पाठीवरची चीर.

"श्रावणापासून निघतात," तो म्हणाला. "पहांटे आलें तर बाहेर येतांना दिसतात. मी दर वर्षीं येऊन बसतों." आणि मग, आम्हीं कांहींएक विचारलें नसतां, त्यानें ती कात बोटानें हळूच उलटी केली आणि चिरेकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बघा गुरुजी, पांढरे दोरे."

ह्यावर आम्हीं काय बोलावें? आम्हीं ते दोरे पाहिले, आणि बराच वेळ पाहत राहिलों.

घरोघरीं मुलें आहेत, आणि मुलें हातांत कांहींबाही घेऊन वडीलधाऱ्यांपुढें येतात. त्यांतलें पुष्कळसें आपणांस ठाऊक नसतें. अशा वेळीं निकाल देण्यापूर्वीं वाचकांनीं एकदां ती आगपेटी उघडून पाहावी, एवढीच ह्या म्हाताऱ्या मास्तराची विनंति आहे.